पत्रिका परत घेऊन जा

ती पत्रिका टेबलावर ठेवू नकोस. हळदीकुंकू लावून आणलेली पत्रिका मी आजवर कुणाची परत केली नाही, तुझी करणार आहे. बस त्या खुर्चीवर. चहा नंतर होईल. मी बोलत असताना मधे बोलायचं नाही. सातवीत असताना हा नियम तुला पाळता येत होता, पस्तिशीतही येईल.

धाकट्याचं लग्न ठरवलंत. मुलगी माणदेशातली, डी.एड. झालेली, वडील कोरडवाहू शेतकरी. त्या माणसाला तुम्ही काय सांगितलंत? ‘मुलगा जरा अबोल आहे.’ गेल्या दिवाळीत याच खोलीत बसून तू मला काय सांगितलं होतंस, ते मी विसरलेली नाही. कोइमतूरच्या सोन्या-चांदीच्या गलाईच्या दुकानातून तो अर्ध्या रात्री पळाला आणि विट्याला आला. शेठनं माझ्या मागावर माणसं लावलीत, म्हणाला. खिडक्यांच्या फटी वर्तमानपत्राचे बोळे कोंबून बुजवल्या. आईनं वाढलेलं ताट आधी कुत्र्यापुढं सरकवायला लागला. माळ्यावर दोघं जण बसून आपल्याला शिव्या देतात, असं सांगून काठी घेऊन रात्र रात्र जागायला लागला. पुढं सांगलीच्या डॉक्टरांनी नाव सांगितलं, पॅरानॉइड स्किझोफ्रेनिया. हे सगळं तुझ्या तोंडचं आहे. याला मराठीत अबोल म्हणतात, हे तुला कुणी शिकवलं? मी तर नाही.

आणि मगाशी दारातच काय म्हणालास? ‘बाई, आता बरा आहे, गोळ्यासुद्धा बंद केल्यात.’ का बंद केल्यात, तेही सांग ना. पाहुणे घरी येणार, कुणाच्या नजरेला पाकीट पडायला नको म्हणून. नव्या सुनेनं विचारलं तर काय सांगायचं, म्हणून. म्हणजे आजार झाकायचा, तर आधी औषध झाकावं लागतं. आणि झाकलेलं औषध पोटात जात नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण तुमच्या या मुठीत भावाचा जीव आहे आणि आता एका परक्या लेकीचाही.

लग्न हे या आजारावरचं औषध नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. लग्न म्हणजे महिनाभर जागरणं, पन्नास पाहुणे, कर्जाची बोलणी, नवं माणूस खोलीत आणि ‘नवरा म्हणून कमावून दाखव’ याचं ओझं. धडधाकट माणूस त्यात थकतो. गोळ्या सुटलेल्या माणसाचं काय होईल? ती मुलगी ताट वाढेल आणि तो तिच्याकडं संशयानं बघेल. त्या दिवशी तिचा दोष काय असेल? उलट गाव म्हणेल, सुनेचा पायगुण वाईट.

कायदाही ऐकून ठेव. हिंदू विवाह कायद्यात मानसिक आजाराची व्याख्या करताना स्किझोफ्रेनिया हा शब्द नाव घेऊन लिहिलेला आहे. आजार लपवून फसवणुकीनं लावलेलं लग्न कोर्टात रद्द होऊ शकतं. पण निव्वळ आजाराचं नाव चिकटलं म्हणून घटस्फोट मिळत नाही, त्याची तीव्रता आणि संसारावरचा परिणाम बघावा लागतो, हेही सर्वोच्च न्यायालयानं 1988 साली सांगितलंय. अर्थ लक्षात घे. या आजाराच्या माणसानं लग्नच करू नये, असं मी म्हणत नाही. नियमित औषधं घेऊन स्थिर झालेली, संसार करणारी माणसं आहेत. त्यांच्या आणि तुमच्यातला फरक एवढाच, की समोरच्याला आधी खरं सांगितलेलं असतं.

आता मूळ धडा. दोन वर्षं घरात आजार आहे आणि तो काय आहे, हे घरातल्या एकालाही धड सांगता येत नाही. ऐक.

डोपामाइन नावाचं एक रसायन आपल्या मेंदूत असतं. कशाकडं लक्ष द्यायचं, काय महत्त्वाचं, याची खूण ते करतं. बाजारात शंभर चेहरे दिसतात, त्यातल्या ओळखीच्या एकाकडंच मान वळते, ती त्या खुणेमुळं. या आजारात मेंदूच्या काही भागांत या रसायनाचा जोर वाढतो आणि नको तिथं खुणा पडायला लागतात. दुकानदार खोकला, त्याला अर्थ. मोटारसायकलच्या नंबराला अर्थ. टीव्हीवरची बाई माझ्याकडंच बघून बोलली. असे अर्थ चहूकडून अंगावर आले की मन त्यांची गोष्ट जुळवतं आणि घाबरलेलं मन बहुधा कटाचीच गोष्ट जुळवतं. त्यात शेजारी येतो, भाऊबंद येतो, शेवटी सख्खी आईसुद्धा येते. आवाजांचंही तसंच. ते ऐकू येतात तेव्हा मेंदूतला ऐकण्याचा भाग खरोखर जागा असतो, हे तपासण्यांत दिसलंय. तो नाटक करत नव्हता. तुला माझा आवाज येतोय तितक्याच स्पष्ट त्याला माळ्यावरच्या शिव्या येत होत्या.

स्किझोफ्रेनिया हे नाव ब्लॉयलर या स्विस डॉक्टरानं 1908 साली दिलं. मराठीत छिन्नमनस्कता. एका अंगात दोन माणसं राहतात, असा त्याचा अर्थ मुळीच नाही. विचार, भावना आणि वागणं यांचा सांधा निखळतो, असा आहे. संशय आणि आवाज ठळक असले की डॉक्टर पुढं पॅरानॉइड लिहितात. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांनी 2013 मध्ये हे उपप्रकार वर्गीकरणातून काढले, नंतर जागतिक आरोग्य संघटनेनंही काढले. चिठ्ठीवरचं नाव बदललं तरी आजार तोच, उपचार तेच. आणि तो बहुतेक वेळा ऐन उमेदीत येतो, विशीच्या आसपास. बायकांमध्ये थोडा उशिरा.

कुणामुळं झाला? तुझी आई म्हणते, करणी. वडील म्हणतात, आईचे लाड. आईला दोष देणारी मंडळी एके काळी अमेरिकेतही होती, तो सिद्धांत कधीच निकालात निघाला. रक्तातून धोका येतो, हे खरं. सख्ख्या भावंडाला असला तर साधारण दहातल्या एकाला होतो. पण जुळ्या, अगदी एकसारख्या भावांतसुद्धा एकाला झाला तर दुसऱ्याला होतोच असं नाही, निम्म्याहून अधिक वेळा होत नाही. म्हणजे बी असलं तरी पाऊसपाणी लागतं. जन्माच्या वेळची गुंतागुंत, सततचा ताण, पोरवयात ओढलेला गांजा, अशा कितीतरी गोष्टी त्यात येतात. यात पाप कुणाचंच नाही. पाप पुढं होतं, उपचार टाळण्यात.

जगात सुमारे 300 माणसांमागं एकाला हा आजार असतो. तीन हजार वस्तीचं गाव धर, सरासरीनं दहा माणसं झाली. तुमच्या गावात बाकीची नऊ कुठं आहेत? तुमच्यासारखीच कुणीतरी दार लावून आत बसवलीत.

आता त्या गेलेल्या आठ महिन्यांबद्दल. डॉक्टरांकडं जाण्याआधी तुम्ही कुठं कुठं फिरलात? मांढरदेवला लिंबू उतरवलं. नरसोबाच्या वाडीला पौर्णिमा केल्या. मग तो देवऋषी गाठलात, ज्यानं बाहेरचं आहे म्हणून वेताच्या छडीनं त्याला मारलं आणि तुम्ही चौघांनी हात धरले. तू हात धरलेस! ज्या भावाला माणसं मागं लागल्याची भीती होती, त्याला घरच्या माणसांनीच धरून मारवलं. त्याचा संशय खोटा ठरवायचा होता ना? खरा करून दाखवलात.

नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे. अंधश्रद्धेविरुद्ध आयुष्य घातलं त्या माणसानं, 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात गोळ्या झेलल्या, त्यानंतर कुठं त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला बांधणं, मारणं हा त्या कायद्यानं गुन्हा आहे, सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. सातारा जिल्ह्याच्या शेजारी राहून हे तुम्हाला माहीत नसावं? 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं तर रुग्णाला साखळीनं बांधणंच बंद केलंय. 6 ऑगस्ट 2001 ला तमिळनाडूत एरवाडीला आग लागली, तेव्हा दर्ग्याजवळच्या खोपटात साखळ्यांनी बांधलेली माणसं पळू शकली नाहीत. 28 जीव गेले. देवाच्या दारात नेलेलीच माणसं होती ती.

देवाला जाऊ नका, असं मी म्हणत नाही. तुझ्या आईला वाडीला जाऊन बरं वाटतं, तर जाऊ दे. नदीकाठी बसेल, चार अश्रू ढाळेल, मन हलकं होईल. पण त्याला नेताना सकाळची गोळी देऊन नेलं पाहिजे. दत्तगुरूंनी गोळी बंद करायला कुणाला सांगितलेलं नाही.

मी हे कोणत्या तोंडानं बोलते, तेही ऐक. तीस वर्षांपूर्वी दहावीच्या वर्गात माझा एक हुशार मुलगा होता. एकाएकी त्याचं लिहिणं थांबलं. एकदा भर वर्गात म्हणाला, ‘बाई, तुम्ही माझ्या मनातलं वाचून बाहेर सांगता.’ मी त्याला उद्धट ठरवलं आणि आठवडाभर वर्गाबाहेर उभं केलं. त्यानं शाळा सोडली. चार वर्षांनी त्याची आई भेटली, तेव्हा मला कळलं. त्या मुलानं आजाराचं पहिलं लक्षण मला तोंडावर, शुद्ध मराठीत सांगितलं होतं. ऐकण्याची अक्कल मला नव्हती. उपचाराला जितका उशीर, तितकं परत येणं अवघड. त्या चार वर्षांतला माझा वाटा मी कधी पुसू शकले नाही. तेव्हापासून मी वाचायला लागले, डॉक्टरांना विचारायला लागले. म्हणून आज तुझी पत्रिका घेत नाही.

गोळ्यांकडं येऊ. या आजारावरचं पहिलं खरं औषध, क्लोरप्रोमाझिन, 1952 साली पॅरिसमध्ये वापरलं गेलं. त्याआधी माणसं कोठडीतच म्हातारी व्हायची. आजची औषधं त्या डोपामाइनचा जोर आवरतात. झोप, तगमग काही दिवसांत सुधारते, आवाज आणि संशय ओसरायला काही आठवडे लागतात. तुम्ही काय केलंत? तीन महिन्यांत हसायला बोलायला लागला, की बंद. अरे, गोळी चालू होती म्हणून तो हसत होता! पहिल्या खेपेलासुद्धा बरं वाटल्यावर पुढं किमान वर्ष-दोन वर्षं औषध चालू ठेवतात, पुन्हा पुन्हा उलटला तर आणखी बरीच वर्षं. गोळी सोडली की दुसऱ्या दिवशी काही होत नाही, तिथंच घरचे फसतात. काही आठवड्यांनी, महिन्यांनी आजार उलटतो आणि तोवर गोळीची आठवणही कुणाला नसते. 65 चाचण्यांचा हिशेब 2012 साली प्रसिद्ध झाला. औषध चालू असलेल्यांपैकी वर्षभरात 27 टक्के लोकांचा आजार उलटला, बंद केलेल्यांपैकी 64 टक्क्यांचा. गणितात तू बरा होतास. कर वजाबाकी.

त्रास होतो गोळ्यांनी? होतो. अंग आखडतं, हात कापतात, पाय एका जागी ठरत नाहीत, वजन वाढतं, झोप फार येते, बायकांची पाळी चुकते. त्यावर मार्ग आहेत. डोस बदलता येतो, औषध बदलता येतं, गोळी चुकत असेल तर पंधरा दिवसांनी किंवा महिन्यानं घ्यायचं इंजेक्शन असतं. दोन औषधं पुरेशा डोसात देऊनही गुण आला नाही, तर क्लोझापिन आहे. त्याला रक्ताची तपासणी वेळच्या वेळी करावी लागते, पण जिथं बाकीची थकतात तिथं ते अनेकांना उठवून बसवतं. यातलं प्रत्येक काम डॉक्टरांचं. तुमचं काम एवढंच, की त्रास होतोय हे त्यांना सांगायचं, परस्पर पाकीट फेकायचं नाही.

लांब कुठं जायला नको. साताऱ्याच्या सिव्हिलला जा, सांगलीच्या सिव्हिलला जा, मिरजेच्या सरकारी मेडिकल कॉलेजला जा. रात्री-अपरात्री काही सुचलं नाही तर 14416 फिरव. ही टेलिमानस सरकारनं ऑक्टोबर 2022 पासून चालू केलीय, मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत. आणि एक गोष्ट कानात कोरून ठेव. आवाज त्याला मर म्हणतायत, असं तो कधी म्हणाला, तर त्या क्षणी गाडी काढायची. या आजाराच्या विसांतला एक माणूस आत्महत्येनं जातो. द्राक्षांच्या फवारणीच्या बाटल्या घराच्या कोनाड्यात आहेत तुमच्या, मी पाहिल्यात. आज घरी गेल्यावर पहिल्यांदा त्या कुलपात घाल.

घरातली भाषा बदला. ‘ऐतखाऊ’, ‘नाटकी’, ‘अंघोळ कर, घाण येतेय’, दिवसभर हेच चालतं ना? अंघोळ न करणं, कोपऱ्यात बसणं, कशातच रस न वाटणं हा आळस नाही, तो आजाराचाच मुकाट भाग आहे. लंडनमध्ये जॉर्ज ब्राऊन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं घरांचा अभ्यास केला. ज्या घरांत टोचून बोलणं, राग आणि नको तितकी जपणूक होती, तिथं आजार जास्त वेळा उलटला. चंदीगडला तसाच अभ्यास झाला, तेव्हा आपल्याकडच्या घरांत असं टोचणं लंडनपेक्षा कमी आढळलं. आपल्याकडं हे एक भांडवल आहे, ते उधळू नका. तो म्हणाला, माळ्यावर माणसं आहेत, तर वाद घालू नकोस आणि होकारही देऊ नकोस. म्हण, ‘मला आवाज येत नाही, पण तुला भीती वाटतेय ते कळतंय. मी इथं बसतो.’ एवढं वाक्य पाठ कर. सातवीत याहून लांब कविता पाठ केल्या होत्यास.

‘पण बाई, लोक काय म्हणतील?’ मघापासून तुझ्या ओठांवर तेच आहे. मग धुळ्याच्या डॉ. जगन्नाथ वाण्यांबद्दल ऐक. कॅनडात कॅल्गरी विद्यापीठात प्राध्यापक होते. पत्नीला हाच आजार. प्रतिष्ठा तुझ्यापेक्षा कमी नव्हती, लपवायला जागाही भरपूर होती, साता समुद्रांपलीकडं कोण बघायला येतंय? त्यांनी लपवलं नाही. इतर घरांना तरी वाट सापडावी म्हणून 1997 साली पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. तिथं आजारी माणसं आणि त्यांचे घरचे उघड्या तोंडानं एकमेकांशी बोलायला लागले. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’ चित्रपटामागंही ते उभे राहिले. 2004 साली तो आला, अतुल कुलकर्णी त्यात या आजाराचा तरुण झालेत. घरी सगळ्यांनी बसून बघा. आणि साताऱ्यात तर डॉ. हमीद दाभोलकर आणि ‘परिवर्तन’ संस्थेची मंडळी गावातल्या साध्या माणसांना मानसमित्र म्हणून तयार करतात. सांगायला लागलात तर ऐकणारे तुमच्या दारापासून फार लांब नाहीत.

झालं तुझं. आता त्याला आत बोलव. तासभर झाला, तो बाहेर ओट्यावर बसलाय आणि आपण त्याच्या आयुष्याबद्दल त्याच्या पाठीमागं बोलतोय. हीसुद्धा तुमचीच सवय, आज मीही तेच केलं. बोलव.

ये रे, बस इथं. पंखा लावू? पातेलं तुझ्यासमोर ठेवते, चहा एकाच पातेल्यातून तिघांना ओतते. वाटेल तेव्हा घे, नाही घेतलास तरी मला राग नाही.

तुलाही बोलणार आहे, कारण तू लहान नाहीस आणि बावळट तर नाहीसच. तुला येतात ते आवाज तुला खरे ऐकू येतात, यावर माझा विश्वास आहे. पण ऐकू येणारी प्रत्येक गोष्ट खरी नसते, हे तुला तपासायला शिकावं लागेल. त्यासाठी एक माणूस निवड, ज्याला तू विचारशील, ‘तुला ऐकू आलं का?’ गोळी तुझी आहे. भावानं हातावर ठेवली म्हणून घ्यायची नाही आणि लाज वाटते म्हणून फेकायची नाही. त्रास होत असेल तर डॉक्टरांशी भांड, गोळीशी नको. टपरीवरचा गांजा बंद, दारू बंद. सिगारेटचं डॉक्टरांना खरं सांग, काही औषधं त्या धुरामुळं रक्तात कमी पडतात. झोप उडाली, संशय वाढला की दोन दिवस वाट बघू नकोस, तुझ्या आजाराची ती पहिली घंटा आहे. आणि हक्कही जाणून घे. आजार वाढला तर कसे उपचार हवेत, कसे नकोत, हे शुद्धीवर असताना तुला आधीच लिहून ठेवता येतं. तुझ्या वतीनं कोण बोलेल, तेही तूच ठरवायचं. 2017 चा कायदा तुझ्या बाजूचा आहे.

आता मला सांग, हे लग्न तुला हवंय का? तुला कुणी विचारलं?

बघ. ‘नाही’ म्हणाला. एवढ्या मोठ्या घरात हा प्रश्न विचारायला एकही माणूस नव्हता.

आता दोघंही ऐका. उद्या सकाळी सिव्हिल, जुनी चिठ्ठी आणि रिकामी पाकिटं सोबत. तिथून थेट माणला जायचं. मुलीच्या वडिलांसमोर बसून आजाराचं नाव उच्चारायचं, पहिल्यापासून सगळं सांगायचं आणि ठरलेलं मोडायचं. ते बोलतील, शिव्या देतील, तू मान खाली घालून ऐकशील. ते तुझं देणं आहे. पुढं कधी हा स्थिर झाला, त्याला स्वतःला लग्न हवंसं वाटलं आणि सगळं कळूनही होकार देणारी कुणी भेटली, तर नवी पत्रिका छाप. ती मी देवापुढं ठेवीन आणि अक्षता टाकायला येईन.

ही मात्र परत घेऊन जा. आणि चहा घे, निवतोय. त्यानं घेतलासुद्धा.